रजेच्या अर्जातला ‘कारण’ नावाचा रकाना

“सिस्टर, मला शुगर नाहीये. ते पलीकडच्यांचं असेल.”

१० जानेवारी २०२४, सकाळचे सव्वासहा. माझ्या एका हातात दहा युनिट इन्सुलिन भरलेली सिरिंज, दुसऱ्या हातात स्पिरिटचा बोळा, आणि मी उभी सतराऐवजी एकोणीस नंबरच्या कॉटपाशी. दोघांचं आडनाव एकच. मी ते आडनाव घेऊन “तुम्हीच ना?” असं विचारलं होतं आणि अर्धवट झोपेतल्या माणसानं “हो” म्हटलं होतं. बाही वर सरकवतासरकवता त्यांना जाग आली, म्हणून वाचले. तेही आणि मीही.

पेशंटला नाव सांगायचं नाही, त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, हे मी विद्यार्थिनींना गेली कित्येक वर्षं शिकवत आलेय. मी चुकले ते माहीत नव्हतं म्हणून नव्हे. ती माझी सलग चौथी नाइट होती. ३२ कॉटचा मेडिकल वॉर्ड, नाइटला तीन सिस्टरच्या पोस्ट, त्यात एक सुट्टीवर आणि तिच्या जागी कुणी नाही. म्हणजे १६ पेशंट माझे, १६ जोडीदारणीचे. पहाटे साडेचारपासून एका पेशंटची धावपळ चालू होती. त्याला आयसीयूत पोचवून आले तर सकाळची सगळी कामं अंगावर येऊन पडलेली.

ड्यूटी संपल्यावर मी घटनेचा फॉर्म मागितला. जोडीदारीण म्हणाली, “काही झालं नाही ना? मग लिहून कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?” तरी लिहिला. तारीख, वेळ, काय घडलं, आणि मग ‘कारण’. त्या रकान्यात मी एक शब्द लिहिला : दुर्लक्ष.

दोन दिवसांनी बोलावणं आलं. “यापुढे काळजी घेईन” असं लिहून घेतलं, सही झाली, फाइल बंद. त्या रात्री माझ्याकडे किती पेशंट होते हे कुणी विचारलं नाही. खरं तर फॉर्ममध्ये त्याला जागाच नव्हती.

ही एक गोष्ट सुटी सांगितली तर वाटेल की एका चुकीनं बाई हादरली. तसं नव्हतं. आधीचे सहा-सात महिने काही ना काही चालूच होतं, मी त्याला नाव दिलं नव्हतं इतकंच. ड्यूटीहून घरी आल्यावर वॉर्डात फोन करायचा : “अगं, अकरा नंबरचं सलाइन मी बंद केलं का बघ ना.” दर वेळी बंदच असायचं. अंघोळीला गेलं की पाण्याच्या आवाजात इन्फ्युजन पंपाचा, म्हणजे शिरेतून मोजून औषध सोडणाऱ्या यंत्राचा, अलार्म ऐकू यायचा. नळ बंद केला की अलार्मही बंद. ड्यूटीत बाथरूमला जायला लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचे, त्यापायी दोनदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला. नातेवाइकांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं की डोक्यात तिडीक जायची. उत्तर द्यायचे, पण अशा आवाजात की ते चौथ्यांदा विचारायचे नाहीत. आणि मी पेशंटना नंबरानं बोलवायला लागले होते. “सतराला ताप आहे”, “बावीस फार कटकट करतो.” हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या ड्यूटीला पेशंट सोपवताना, सगळेच असं बोलतात. पण एके दिवशी घरी जेवताना मी म्हणाले, “आज आठ गेला.” माझ्या मुलीनं विचारलं, “आठ म्हणजे कोण?” मला त्यांचं नाव आठवेना. नऊ दिवस त्यांची ड्रेसिंग केली होती.

१५ जानेवारीला पाच दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारण : ‘वैयक्तिक’. तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला, वर शेरा ‘स्टाफअभावी नामंजूर’. ज्या गोष्टीनं जीव मेटाकुटीला आला होता, तिच्याच नावानं रजा नाकारली गेली. इतकं नेमकं उत्तर मी नंतर कधी वाचलं नाही.

२२ जानेवारीला नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले ते धडधड आणि अ‍ॅसिडिटीसाठी. मनाचं काही म्हणून नव्हे. त्यांनी ईसीजी काढला, थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर, बी-१२ तपासायला सांगितलं. हे करून घ्याच. थायरॉइड बिघडलं की धडधड आणि चिडचिड होते, रक्त कमी असलं की थकवा येतो, आणि आपण सगळं ‘टेन्शन’च्या खात्यात टाकून मोकळे होतो. माझं हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, बाकी ठीक. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद पुढे केला. पीएचक्यू-९, नैराश्य किती आहे ते बघायचा. हा कागद मी स्वतः कितीतरी पेशंटकडून भरून घेतलाय, पेनसुद्धा मीच दिलंय. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात रस वाटतो का. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. माझे १४ झाले, म्हणजे मध्यम पातळीच्या वरच्या टोकाला. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मेलेलं बरं अशा विचारांबद्दल असतो. माझं तिथं शून्य होतं. तुमचं तिथं शून्य नसेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरच्या एका माणसाला सांगा.

त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. पहिली मोकळी तारीख १२ फेब्रुवारी. रोज सकाळी क्लिनिक उघडल्याउघडल्या फोन करून “कुणी रद्द केलंय का?” असं विचारायचा सल्ला रिसेप्शनवरच्या मुलीनंच दिला. मी केला. दहाएक दिवस नकार, मग ६ फेब्रुवारीला सकाळी अकराची वेळ मिळाली. फी माझ्या साधारण दीड दिवसाच्या पगाराइतकी. थांबायच्या खोलीत मास्क लावून बसले होते, ओळखीचं कुणी भेटेल म्हणून. पेशंटना “यात लाजायचं काय?” असं म्हणणारी मीच ती.

डॉक्टरांनी पाऊण तास दिला. मी “मला बर्नआउट झालाय का?” असं सरळच विचारलं. तेव्हा जे कळलं ते कळायला मला जरा वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात (१ जानेवारी २०२२ पासून लागू) बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही. कामाशी निगडित घटना म्हणून आहे. कामाच्या ठिकाणी सतत राहिलेला आणि नीट न हाताळला गेलेला ताण, असं त्याचं वर्णन. तीन खुणा : शक्ती संपणं, कामापासून मनानं दूर जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. “आठ गेला” ही दुसरी खूण होती. पण आजार नाही म्हटल्यावर सर्टिफिकेटवर निदान म्हणून बर्नआउट लिहिता येईना. त्यांनी ‘अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर’ लिहिलं, म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेताना उद्भवलेला त्रास. वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच होतं. पण घरी येताना रिक्षात तो कागद वाचला आणि डोळे भरून आले. दोन माणसांत ३२ पेशंट बसवायची परिस्थिती तशीच, आणि जुळवून घेता आलं नाही ते मला.

८ ते २८ फेब्रुवारी, २१ दिवसांची वैद्यकीय रजा. ती मंजूर करून घेताना ऑफिसात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा सर्टिफिकेट परत आलं, शिक्क्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. दुसऱ्यांदा अर्जावर ७ तारीख आणि सर्टिफिकेटवर ८. तिसऱ्या खेपेला घेतलं. म्हणून सांगते, क्लिनिकमधून निघण्याआधी तिथंच उभं राहून तारखा, शिक्का, नोंदणी क्रमांक, सही बघून घ्या, आणि दोन झेरॉक्स ठेवा. एकीवर ‘मिळाले’ची सही-तारीख घ्या. निदान असलेला कागद मी बंद पाकिटात दिला, आणि इन्चार्ज सिस्टरना फक्त किती दिवस नाही एवढंच सांगितलं. ते माझ्या डॉक्टरांनीच सुचवलं होतं. तरी चार दिवसांत वॉर्डात “तिचं डिप्रेशन” झालंच. पाकीट बंद असतं, तोंडं नसतात.

रजेचा हिशेब असा बसला : १२ दिवस आजारपणाची शिल्लक, ५ दिवस हक्काची रजा, ४ दिवस बिनपगारी. हे आधी विचारून घेतलं म्हणून महिन्याच्या शेवटी धक्का बसला नाही.

पहिला आठवडा नुसती झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले. रात्री दोनला टक्क जाग, दुपारी गुंगी. वॉर्डचा ग्रुप फोनवर वाजतच होता : “आज नाइटला कुणी डबल करेल का? प्लीज.” दर मेसेजला वाटायचं, हे माझ्यामुळे. सहाव्या दिवशी ग्रुप म्यूट केला, आणि त्याआधी इन्चार्जना एकच ओळ पाठवली की अगदीच काही लागलं तर फोन करा. एकही फोन आला नाही. माझ्यावाचून वॉर्ड चालला हे कळून बरं वाटलं आणि वाईटही.

दुसऱ्या आठवड्यापासून समुपदेशन सुरू झालं. बाई मितभाषी होत्या. त्यांनी मला श्वासाचे व्यायाम शिकवले, आणि शिवाय एक काम दिलं : जुन्या ड्यूटी लिस्ट काढ आणि शेवटच्या १४ दिवसांच्या ड्यूट्या आठवून लिही. किती वाजता गेलीस, किती वाजता निघालीस, पेशंट किती, जेवलीस का. मी कपाळाला आठ्या घालूनच बसले. चौदा दिवसांत ११ ड्यूट्या. वेळेवर सुटले ती ३. बसून जेवले ती २. आणि तीनदा इव्हिनिंग संपवून दुसऱ्याच दिवशी मॉर्निंग. रात्री साडेनऊला घरी, जेवून आवरून अकरा-साडेअकरा, पहाटे पाचला उठायचं. मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट अशा पुढे सरकणाऱ्या क्रमाशी शरीर त्यातल्या त्यात जमवून घेतं. आमची लिस्ट उलटी फिरत होती, आणि ती तशी का फिरते हे मी अकरा वर्षांत विचारलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी ३४ प्रसंगांची एक यादी दिली. नर्सिंग स्ट्रेस स्केल, ग्रे-टॉफ्ट आणि अँडरसन यांनी १९८१ मध्ये केलेली. त्यात ताणाची कारणं सात गटांत आहेत : मृत्यू, डॉक्टरांशी खटके, आपली तयारी अपुरी वाटणं, आधार नसणं, इतर सिस्टरांशी तंटे, कामाचा बोजा, आणि उपचारांबद्दल अनिश्चितता. मला खात्री होती की माझं ‘मृत्यू’वर जास्त येईल. आलं बोज्यावर, आणि त्याखालोखाल डॉक्टरांशी खटक्यांवर.

त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. मृत्यू मी पाहिलेत, आणि काही काळानं त्यांच्यासोबत राहायला शिकलेय. जे अंगावर राहतं ते वेगळं. डिसेंबरात एक आजी रात्रभर “बस ना गं जरा” म्हणत होत्या. मी प्रत्येक फेरीत “आले हं” म्हणत पुढे गेले. पहाटे त्या गेल्या तेव्हा मी दुसऱ्या टोकाला एकाच्या शिरेत सलाइनची नळी, कॅन्युला, लावत होते. काय करायला हवं ते मला माहीत होतं, करता येत होतं, आणि परिस्थितीनं करू दिलं नाही. याला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्येच ‘मॉरल डिस्ट्रेस’ असं नाव दिलं होतं, हे त्या दिवशी कळलं. नाव कळल्यानं आजी परत येत नाहीत. पण निदान त्या गोष्टीला मी ‘माझा हळवेपणा’ म्हणायचं सोडलं.

तिसऱ्या आठवड्यात परत जायची भीती. २५ तारखेला सहज म्हणून युनिफॉर्म इस्त्री करायला काढला आणि हात घामेजले. डॉक्टरांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की भीती शून्यावर यायची वाट बघितली तर कधीच जाणार नाहीस. फिटनेस सर्टिफिकेटवर त्यांनी खाली दोन ओळी लिहून दिल्या : सहा आठवडे नाइट नको, आणि दोन ड्यूट्यांत किमान ११ तासांचं अंतर. फिटनेससोबत अशी शिफारस लिहून मागता येते, हे मला अकरा वर्षं हॉस्पिटलात काढूनही माहीत नव्हतं. मागा. तोंडी सांगितलेलं ड्यूटी लिस्टपर्यंत पोचत नाही.

२७ फेब्रुवारीला मेट्रन मॅडमना, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांना, भेटले. सोबत १४ दिवसांचा तक्ता, एका पानावर. त्याखाली एक ओळ लिहिली होती : लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास केला, त्यात एका परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेत बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. रात्री दोनदा पाठ केलं होतं, कसं बोलायचं ते.

मॅडमनी चष्मा लावून पान पूर्ण वाचलं. मग म्हणाल्या, “हे मला शिकवायला नको, सिस्टर. मी तीस वर्षं याच लिस्टा करतेय. माणसं कुठून आणू ते सांग.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या टेबलावर त्या महिन्यातले नामंजूर केलेले रजेचे अर्ज पडले होते, बोटभर जाडीचा गठ्ठा. पण मी उठले नाही. माणसं नाहीत हे मान्य, पण ज्याला माणसं लागत नाहीत ते तरी होईल का, असं विचारलं. इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग नको. एकाच आडनावाचे पेशंट शेजारच्या कॉटवर नकोत, आणि असलेच तर केस पेपरवर लाल पट्टी. औषधांच्या फेरीत ट्रॉलीवरच्या सिस्टरला कुणी हाक मारायची नाही, फोन दुसरीनं घ्यायचा. मॅडमनी लाल पट्टी तिथल्या तिथं मान्य केली. ड्यूटीच्या अंतराचं “बघू” म्हणाल्या. सहा आठवड्यांऐवजी चार आठवडे नाइट माफ झाली.

२९ फेब्रुवारीला हजर झाले. पहिला दिवस वाटला होता त्यापेक्षा सोपा गेला, पुढचे पंधरा दिवस अवघड. माझ्या नाइट इतरांवर गेल्या होत्या. एक जण चहाच्या वेळी म्हणाली, “आम्हालापण व्हायला पाहिजे डिप्रेशन.” मी गप्प बसले, कारण तिच्या त्या महिन्यात नऊ नाइट झाल्या होत्या. नंतर एकदा लिननच्या खोलीत ती एकटी चादरी मोजताना दिसली तेव्हा मीही मोजू लागले. बोलणं असं काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात तिनं मला तक्त्याचा कोरा नमुना मागितला.

नाइट पुन्हा सुरू झाल्या २८ मार्चला. एप्रिलमध्ये एकदा सगळं मागे गेल्यासारखं झालं, तीन दिवस झोप नाही. समुपदेशक बाईंकडे एक जादा भेट घेतली. एकूण आठ भेटी झाल्या, त्यांचे पैसे माझ्या सहा-सात दिवसांच्या पगाराएवढे. ते परत मिळाले नाहीत, वैद्यकीय भरपाईत समुपदेशन बसत नाही असं ऑफिसनं कळवलं. तरी पावत्या ठेवल्यात. जूनच्या तपासणीत पीएचक्यू-९ वर ५ आले.

स्टाफ अजून वाढलेला नाही. इव्हिनिंगनंतरची मॉर्निंग मे महिन्यापासून लिस्टमध्ये जवळजवळ दिसत नाही, कुणी सुट्टीवर गेलं की दिसते. लाल पट्टी मात्र चिकटली. मध्यंतरी साठा संपला तर वॉर्डातल्या मावशींनी औषधाच्या खोक्याचा लाल पुठ्ठा कापून लावला होता.

२ जुलैला मी तीन दिवसांची रजा मागितली. अर्ज भरताना ‘कारण’वर हात थांबला. मग लिहिलं : ‘सलग सहा नाइट झाल्या आहेत. विश्रांती हवी आहे.’ ऑफिसातल्या क्लार्कनं चष्म्यावरून बघितलं. “असं लिहितात का, सिस्टर? वैयक्तिक लिहा ना.”

“वैयक्तिक नाहीये,” मी म्हटलं.

दोन दिवस मंजूर झाले. पहिल्याच दिवशी दुपारी साडेतीनला जाग आली आणि हात आपोआप फोनकडे गेला. जोडीदारणीनं माझा आवाज ऐकून काही विचारूच दिलं नाही. “बंद आहे गं तुझं अकरा नंबर. आणि त्यांचं नाव मी विचारून ठेवलंय, आल्यावर सांगते. झोप आता.”